चिमटीचं माप : घरच्या फिशटँकसाठी खाऊ घालायची साधनं

घरच्या फिशटँकमधला मासा उपासमारीने मेल्याचं उदाहरण शोधायला गेलं तर मोठ्या मुश्किलीने सापडेल. धडधाकट, पूर्ण वाढलेला मासा आठवडाभर काही न खाता सहज राहतो. टाकीतले मासे दगावतात ते बहुतेक वेळा खाऊ जास्त पडल्यामुळे, आणि हा जास्तीचा खाऊ कुणी हलगर्जीपणाने टाकलेला नसतो. मुलाने शाळेतून आल्या आल्या टाकलेला असतो. आजोबांनी सकाळी देवपूजा झाल्यावर टाकलेला असतो. गावाला जाताना ज्याच्याकडे किल्ली ठेवली त्या शेजाऱ्याने, बिचारे उपाशी राहायला नकोत म्हणून, मूठ सैल सोडलेली असते.

हे पुस्तक खाऊ घालायच्या साधनांबद्दल आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या साध्या कडीपासून घड्याळावर चालणाऱ्या फीडरपर्यंत जे जे घरी करता येतं किंवा दुकानात मिळतं, त्याचा विचार यात केला आहे. साधन म्हटलं की आधी सोय मनात येते, आणि सोय हवीच. सकाळच्या एसटीने सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याला ती हवी, हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हवी, दवाखान्यातली टाकी सांभाळणाऱ्या कंपाउंडरलाही हवी. पण माझ्या लेखी अशा साधनाचं पहिलं काम देणाऱ्याचा हात आखडायचं आहे. पुढच्या प्रकरणांतले नकाशे आणि कृती याच कसोटीवर पारखून घेतल्या आहेत. सोयीचं आहे पण माप पाळत नाही असं साधन कितीही देखणं असलं तरी इथे घेतलेलं नाही.

हात सैल का सुटतो, याचं मूळ आपल्या जुन्या आणि चांगल्या सवयीत आहे. नदीकाठच्या क्षेत्राला गेलेला माणूस पाण्यात कणकेच्या गोळ्या सोडतो. चिठ्ठीवर रामनाम लिहायचं, ती कणकेत गुंडाळायची आणि माशांना घालायची, असा नेम करणारी माणसं आपल्या घराघरांत होऊन गेली. महाडजवळ वाळण कोंड इथे काळ नदीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कुणी धरत नाही. वाड्याजवळ तिळशाला वैतरणेतल्या माशांनाही असंच अभय आहे, आणि दोन्हीकडे येणारा-जाणारा त्यांना काही ना काही खाऊ घालतोच. खाऊ घालून मासे पुष्ट करण्याची विद्याही या मुलखात जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदावर स्वतंत्र भाग आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय चारून वाढवायचं आणि मग गळाला कसं लावायचं, हे त्यात येतं. ही कल्याणी म्हणजे आपल्या सीमेलगतचं आजचं बसवकल्याण. दख्खनच्या माणसाने माशाच्या घासाचा विचार नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

मात्र हे सगळे मासे डोहातले, तळ्यातले आणि वाहत्या नदीतले. तिथे उरलेली कणीक प्रवाह घेऊन जातो, खेकडे-शिंपले संपवतात, चिखलात मुरते. काचेची टाकी आपल्याकडे मागाहून आली. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं. शाळेच्या सहलीत ते पाहून परतलेल्या पोरांनी घरी निदान बरणीत तरी मासा ठेवायचा हट्ट धरावा, हे ओघानेच आलं. आज नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, कुठल्याही गावात चार-दोन दुकानांत गप्पी, मॉली, गोल्डफिश, फायटर मिळतात. टाकी आली, पण देणारा हात नदीवरचाच राहिला.

घरोघरी दिसणारी टाकी घ्या: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर ५६ लिटर पाणी मावतं. खडे, शोभेचे दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पन्नासच्या आत. आता खाऊचा हिशेब पाहा. दाण्यात ४० टक्के प्रथिनं असली तर एका ग्रॅममध्ये ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. मासा दाणा खातो, आणि त्यातला साधारण अर्धा नायट्रोजन अमोनिया होऊन मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. ५० लिटरला हे लिटरमागे ०.६४ मिलिग्रॅम झालं. जो दाणा कुणी खाल्लाच नाही, तो तळाच्या खड्यांत कुजतो आणि त्यातला जवळजवळ सगळा नायट्रोजन अमोनियाच्या वाटेला लागतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर वाढलेले जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते जमायला महिना-दीड महिना लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातल्यांचा उत्साह ओसंडत असतो.

इथे आपल्या जिल्ह्याचं पाणी आडवं येतं, आणि ही गोष्ट बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. नगर शहराला मुळा धरणाचं पाणी येतं, पण उपनगरांत, वाड्या-वस्त्यांवर आणि उन्हाळ्यात तर बहुतेक ठिकाणी बोअरचं किंवा विहिरीचं पाणी वापरात असतं. हे पाणी काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं, जड. नळाच्या तोटीवर आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. अशा पाण्याचा सामू ७च्या वरच असतो, पुष्कळदा ८च्या आसपास. अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो: एक निरुपद्रवी, दुसरं कल्ले जाळणारं. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की तोच वाटा सातच्या पुढे जातो. म्हणजे कोकणातल्या मऊ पाण्यात जी चूक मासा पचवून नेईल, ती पाथर्डी-शेवगावच्या बोअरच्या पाण्यात त्याच्या जिवावर बेतेल. विषारी अमोनिया लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या आत राहावा असं मत्स्यपालनात मानतात. वरच्या हिशेबातल्या एका ग्रॅमनेच, फिल्टर मुरलेला नसेल तर, ही मर्यादा दुपटीच्या पुढे जाते.

यावर नेहमीचा उपाय पाणी बदलण्याचा. आठवड्याला चौथा हिस्सा बदला म्हणून सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे सडलेल्या खाऊपायी आठवड्यातून दोन-तीनदा बारा-पंधरा लिटर पाणी उपसून टाकायचं हे मनाला पटत नाही. याच जिल्ह्यात हिवरे बाजारचं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. टाकीतलं पाणी तुळशीला, जास्वंदीला घातलं की झाडं तरारतात, हे खरं आणि ते करावंच. पण मुळात खाऊ मापात पडला तर पाणी कमी बदलावं लागतं. मापाचं साधन हे आपल्याकडे पाणी वाचवायचंही साधन आहे, आणि या पुस्तकामागे असलेली तळमळ निम्मी याचीच आहे.

आता माशाकडे पाहू. गोल्डफिशला जठर नसतं. रोहू, कटला, कोई या त्याच्या कुळातल्या कुणालाच नसतं. खाल्लेलं सरळ लांबलचक आतड्यात जातं, म्हणून तो दिवसभर थोडं थोडं टिपत राहतो. टाकीशेजारी शांत बसून पाहा: तो तळाचा खडा तोंडात घेतो, चघळतो, त्यावरचं शेवाळ काढून खडा थुंकतो, पुन्हा दुसरा घेतो. दाणा पडला की तोही आत ओढतो, बाहेर टाकतो, परत ओढतो. मऊ झाला की मग गिळतो. माणूस जवळ आला की काचेला तोंड लावून वर-खाली करतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं याला भूक लागली. ती भूक असतेच असं नाही. ठरावीक वेळी, ठरावीक माणसाकडून दाणे मिळतात हे गोल्डफिश नीट शिकतो आणि वेळ जवळ आली की आधीच वर येऊन फिरू लागतो. फीडर बसवला तर काही दिवसांत मोटरच्या आवाजालाही तो असाच वर येईल. त्याच्या मागण्यावर माप ठरवू नये.

माप ठरतं वजनावर. मोठ्या माशाला रोज त्याच्या वजनाच्या एक ते दोन टक्के खाऊ पुरतो. दहा-दहा ग्रॅमचे पाच गोल्डफिश असतील तर दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमचे सात गप्पी असतील तर त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. दोन्ही घरांत डबी मात्र तीच आणि तीन बोटांची चिमूटही तीच. चिमटीत किती येतं हे बोटांच्या जाडीवर, दाण्याच्या आकारावर आणि त्या दिवशीच्या मायेवर अवलंबून. म्हणून पहिल्या प्रकरणात यंत्र नाही, पुड्या आहेत. वैद्य देतात तशा कागदाच्या पुड्या. रविवारी बसून आठवड्याच्या पुड्या बांधायच्या, एकेकीवर वार आणि वेळ लिहायची, आणि मोठी डबी कपाटात ठेवून कुलूप लावायचं. गावाला जाताना शेजाऱ्याकडे पुड्या द्यायच्या, डबी द्यायची नाही. गोळ्या ठेवायचा सात खणांचा प्लॅस्टिकचा डबा मेडिकलमध्ये मिळतो, तोही चालतो. चार दिवसांच्या प्रवासासाठी तर काहीच करू नये, मासे उपाशी राहू द्यावेत. साधनांच्या पुस्तकात हे वाचून नवल वाटेल, पण जिथे साधनाची गरज नाही तिथे तसं सांगणं मला आवश्यक वाटतं. पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा लागतं आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

दुसरं साधन त्याहून साधं आहे आणि एकत्र कुटुंबात त्यासारखं दुसरं नाही. टाकीच्या चौकटीवर सरकणारी एक लाकडी पट्टी, एका बाजूला ‘दिलं’, दुसऱ्या बाजूला ‘द्यायचंय’. जो खाऊ घालेल त्याने पट्टी सरकवायची. सकाळी आजोबा, दुपारी मुलगी, संध्याकाळी आई, असे तीन हात एकाच टाकीवर असतात आणि प्रत्येकाला वाटतं आज कुणीच दिलं नाही. पट्टीने हा घोळ संपतो. दवाखान्यात, बँकेच्या शाखेत, हॉटेलच्या काउंटरवर ठेवलेल्या टाक्यांना तर ती हवीच हवी.

तरंगती कडी, अळ्यांची चाळणी आणि तळाची नळी यांवर फार लिहायचं कारण नाही, आकृत्यांवरून सगळं कळेल. एअर पंपाची फूटभर नळी घेऊन तिची टोकं जोडणीने एकमेकांत बसवली की साडेनऊ सेंटिमीटर व्यासाची कडी होते. खाऊ तिच्या आत टाकला तर फिल्टरच्या ओढीने तो टाकीभर पसरत नाही, आणि किती उरलं ते डोळ्यांना दिसतं. तळाची नळी ही कोरीसारख्या खाली राहणाऱ्या माशांसाठी: पारदर्शक नळी थेट तळावरच्या काचेच्या बशीत उतरवायची, म्हणजे वरचे आडदांड मासे मधल्या मध्ये दाणे पळवत नाहीत. सुट्टीत टाकायचे प्लॅस्टरचे पांढरे ठोकळे मी वगळले आहेत. ते विरघळताना पाण्यात कॅल्शियम सोडतात, आणि आपल्या पाण्यात तो आधीच भरपूर आहे. शिवाय मासा खाओ न खाओ, ठोकळा आपल्या गतीने झिजतच राहतो.

शेततळ्यात मासे वाढवणारे काही वाचक विचारतील की माशाने स्वतः ढोसून खाऊ पाडून घ्यायचा, असा लोंबत्या दांडीचा फीडर घरी का चालणार नाही. मोठ्या तळ्यात तो चालतो. आंध्रात तर भोकं पाडलेल्या पोत्यांत कोंडा आणि पेंड भरून ती बांबूला टांगतात आणि रोहू-कटला येऊन त्यातून ओढून खातात. साधी, स्वस्त आणि हुशारीची पद्धत आहे. पण तिथे पाणी लाखो लिटर असतं. घरच्या टाकीत जठर नसलेल्या गोल्डफिशच्या हाती दांडी दिली तर तो दिवसभर तेच करील.

मग येतात फिरत्या भागाचे फीडर, आणि या पुस्तकाचा मोठा हिस्सा त्यांनी व्यापला आहे. त्यांचे मुख्य तीन प्रकार. पहिल्यात फटीचा ढोल फिरतो आणि फिरताना फटीतून दाणे सांडतात. दुसऱ्यात मळसूत्र फिरतं आणि दाणे पुढे ढकलतं. तिसऱ्यात खळग्यांची चकती असते. प्रत्येक खळग्यात एका वेळचा खाऊ आधीच भरून ठेवायचा, चकती एक घर सरकली की तेवढाच खळगा रिकामा होतो.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला यातला पेच लगेच कळेल, कारण तो पेरणीचा पेच आहे. पाभरीमागे चालणारी बाई चाड्यावर मूठ धरते आणि बोटांतून बी असं सोडते की ओळीत ना दाटी होते ना खाडं पडतं. या हातांची जागा घ्यायला पेरणीयंत्रात खाचांची चकती आली, आणि कृषी अभियांत्रिकीत शिकवतात ते नियम इथे जसेच्या तसे लागू पडतात: खाच बियाण्याच्या मापाची हवी, पेटीच्या भिंती पुरेशा उभ्या हव्यात म्हणजे बी मधे कमान धरून अडकत नाही, आणि बी एकसारखं, कोरडं हवं. माशाच्या खाऊत फ्लेक्स म्हणजे पापुद्रे या कसोटीला उतरत नाहीत. ते कमान धरतात, चुरा होतात, हलके असल्याने वजनाचा भरवसा राहत नाही. गोल, एक-दीड मिलिमीटरचे दाणे चाड्यातल्या बाजरीसारखे नीट वाहतात. म्हणून फीडर करायचा तर आधी खाऊ बदला, असं मी सांगतो.

तिन्हींत माझी निवड खळग्यांच्या चकतीची आहे. कारण एकच: ती बिघडली तर काय होतं ते मला आधी माहीत असतं. ढोलाची झाकणफट ढिली झाली तर सगळा खाऊ एका रात्रीत पाण्यात. मळसूत्राची मोटर चालूच राहिली तरी तेच. चकतीत जेवढं भरलं त्याहून एक दाणा जास्त पडू शकत नाही, आणि ती अडकली तर मासे उपाशी राहतात, जे त्यांना परवडतं. साधन बिघडणारच. बिघडल्यावर त्याने ओतू नये, थांबावं, हे आराखड्यातच बांधून टाकायचं असतं.

आता विजेकडे येतो. बाजारातले बरेच फीडर अशा घरांसाठी आखलेले असतात जिथे वीज जात नाही. आपल्याकडे वळवाच्या पहिल्या वाऱ्याला लाइट जाते, उन्हाळ्याच्या दुपारी जाते, आणि एकाच संध्याकाळी पाच-सहा वेळा येते-जाते. घरी केलेल्या फीडरमध्ये याचा फटका कुठे बसतो ते पाहा. अर्डुइनोसारखा छोटा नियंत्रक वीज आली की आपला प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू करतो. शिकणाऱ्याने हौसेने पहिल्याच ओळीत ‘एक फेरी फिरवून पाहा’ असं लिहिलेलं असतं. किंवा ‘खाऊ टाक, मग बारा तास थांब’ असा साधा क्रम असतो. मग लाइट जितक्या वेळा आली तितक्या वेळा मोटर फिरते, आणि घरचे लग्नाला गेलेले असताना टाकीत आठवड्याचा खाऊ एका संध्याकाळी पडतो. काही स्वस्त सर्व्हो मोटरा तर वीज मिळताच आपोआप एक झटका देतात. दाणे पाडायला तेवढाही पुरतो.

याचा बंदोबस्त अवघड नाही. नाण्याएवढ्या सेलवर चालणारी वेगळी घड्याळाची चिप लावायची, म्हणजे वीज गेली तरी वेळ चुकत नाही. शेवटचा खाऊ कधी पडला ते नियंत्रकाच्या कायमच्या स्मृतीत लिहायचं. वीज आल्यावर आधी ते वाचायचं, घड्याळाशी ताडून पाहायचं आणि तासभर काही करायचं नाही. आणि चुकलेला घास भरून काढायचा नाही. हा शेवटचा नियम मुलांना पटवायला सगळ्यात जड जातो, कारण त्यांना तो अन्याय वाटतो.

बॅटरीवरचा फीडर घेतला की प्रश्न मिटला, असं दुकानदार सांगतो. मला ते मान्य नाही. लाइट गेली की एअर पंप आणि फिल्टर बंद पडतात. ३० अंशाच्या पाण्यात हवेतून लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, २० अंशाला नऊच्या वर. म्हणजे मे महिन्यात शिल्लक मुळातच कमी. खाल्ल्यानंतर माशाला प्राणवायू जास्त लागतो, आणि उरलेला खाऊ कुजवणारे जिवाणूही तोच ओढतात. अशा वेळी बॅटरीवरचा फीडर पंप बंद असतानाही इमानाने खाऊ टाकत राहतो. आपल्याकडचा फीडर पंपाच्याच बोर्डावर असावा: पंप बंद तर खाऊ बंद. या एका जोडणीसाठी मी चौथं प्रकरण पूर्ण दिलं आहे, आणि घाई असलेल्या वाचकाने बाकी सगळं सोडून तेवढं वाचलं तरी चालेल. हिवाळ्यासाठी त्यात एक वेगळं कलम आहे. पौष-माघात रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, हीटर नसलेली टाकी गारठते आणि मासे निम्मंही खात नाहीत. तेव्हा चकतीतले एकाआड एक खळगे रिकामे ठेवायचे.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. बुडबुडे फुटतात त्या जागी पाण्याचे बारीक थेंब उडत राहतात, झाकणाखाली वाफ साठते, आणि फीडरचं तोंड नेमकं त्याच्या वर असतं. आषाढात दोन-तीन दिवसांत दाण्यांचा लगदा होऊन तोंड बुजतं. फीडर झाकणापासून वर उचलणं, नळी तिरपी ठेवणं, पंपाच्या हवेची एक बारीक धार फीडरमधून सोडणं, हे उपाय दिले आहेत आणि ते पुष्कळ अंशी चालतात. कोकणातल्या दमट हवेत दाणे चार आठवडे कोरडे ठेवील असं स्वस्त, विजेवाचूनचं साधन मात्र अजून व्हायचं आहे. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या परिसरात शोभिवंत माशांचं काम जुनं आहे. तिकडच्या कुणी हौशी वाचकाने हा प्रश्न हाती घ्यावा.

वस्तू निवडताना एक सावधगिरी. तांब्यातलं पाणी माणसाला चांगलं, म्हणून तांब्याची तार किंवा पितळी स्क्रू वापरायचा मोह होतो. पाण्यात उतरणारं तांबं कोळंबी आणि गोगलगायींना फार थोड्या प्रमाणातही मारतं, आणि माशांनाही सोसत नाही. पाण्याच्या वर असलेल्या भागातही वाफ साचून थेंब खाली पडतातच. नायलॉनचे किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. मोटरच्या दातांना ग्रीस लावू नका. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण, औषधाची डबी, बॉलपेनची स्प्रिंग यांतून निम्मे भाग होतात. चकती लेथवर किंवा थ्रीडी प्रिंटरवर करून घ्यावी. २०१६पासून शाळांतून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या, त्यांत हा प्रिंटर आणि अर्डुइनो असतो. शाळेच्या प्रदर्शनात मुलं फीडर मांडतात तेव्हा तो फिरतो का एवढंच परीक्षक पाहतात. त्यांनी प्लग काढून पुन्हा लावून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कृती वाचताना एक पद्धत शेवटपर्यंत पाळा. कोणताही फीडर, घरी केलेला असो की विकत आणलेला, आधी आठवडाभर स्टीलच्या ताटलीवर चालवा. ताटली रोज त्याच वेळी उचला आणि पडलेले दाणे सोनाराच्या काट्यावर, म्हणजे ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या वजनकाट्यावर तोला. तो नसेल तर दाणे मोजा. शंभर दाण्यांचं वजन एकदा कुठे करून आणलं की पुढे मोजणीवर भागतं. आठवड्याचे आकडे वहीत लिहा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दुपटीचा फरक असेल तर चकती पुन्हा घासा. मग शेवटच्या दिवशी, खाऊची वेळ नसताना, दहा वेळा बटण बंद-चालू करा, लाइट जाते-येते तसं कमी-जास्त वेळ सोडून. ताटलीत एकही दाणा पडला नाही तरच फीडर टाकीवर चढवा.